ताल, लय अन् ठेका एकच काय? पोरीचा मार्क गेला अन् घरात तीन दिवस धुसफूस

वावरवाला, दारव्हा

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरीच्या चाचणी परीक्षेचा आहे, पण तो आता आमच्या चुलीपर्यंत आला म्हणून इथं टाकून रायलो.

पोरगी सातवीत. मराठीच्या पेपरात ‘ताल’ या शब्दाला समानार्थी शब्द लिहा, असं होतं. गाइडात उत्तर छापलेलं आहे: ठेका, लय. बाकी पोरांनी तेच उतरवलं. आमचीनं आदल्या रात्री आज्याजवळ बसून अभ्यास केला, तिथंच घोटाळा झाला. तिनं लिहिलं, ‘ताल या शब्दाला समानार्थी शब्द नाही. लय वेगळी असते आणि ठेका वेगळा असतो.’ मार्क गेला. बाजूला लाल पेनानं शेरा, ‘गाइड पाहा’.

माझे बाबा ७४ वर्षांचे. गावच्या भजनी मंडळात चाळीसेक वर्षं ढोलकी वाजवली. आता खांदा धरला म्हणून ढोलकी खुंटीला टांगली आहे, पण जेवताना ताटाच्या काठावर बोटं चालूच असतात. शेरा वाचून म्हणाले, “लय पयते, ताल पयत नाई. ज्याले हे ठाऊक नाई त्यानं लाल पेन हाती धरू नाई.” (पयते म्हणजे पळते.) झालं. बायको म्हणे, मास्तरांशी वैर कशाला घेता, पोरीनं मुकाट्यानं गाइड पाठ करावं. बाबांनी त्या रात्री भाकर अर्धीच खाल्ली.

मी वावरातला माणूस. घरची सात एकर अन् वरून पाच एकर ठेक्यानं केली आहे. माझ्यासाठी ठेका म्हणजे पाडव्याला मोजून द्यायचे पैसे. लहानपणी मीही मंडळात टाळ धरले. तेव्हा एवढंच कळे की बाबा डोळे मोठे करून पाहायला लागले म्हणजे आपण पुढं गेलो. कशाच्या पुढं गेलो, हे कधी विचारलं नाही. आता विचारतो तर ते म्हणतात, “सांगून समजत नाई, वाजवून दाखवतो,” अन् खांदा वर जात नाही.

तर जाणकारांनी सांगावं. हे तीन शब्द खरंच वेगळे आहेत काय? असतील तर बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी कसे काय वापरतो? अन् माझ्या पाच एकराचा ठेका अन् ढोलकीचा ठेका यांचं काही नातं आहे की उगाच नाव सारखं? सोमवारी मास्तरांना भेटायला जाणार आहे. भांडायला नाही. पण रिकाम्या हातानं जायचं नाही.

कणीकवाला मृदंगी, आर्णी

भाऊ, आधी तुमच्या बाबाले माह्या नमस्कार सांगा. ‘लय पयते, ताल पयत नाई’ हे मी आमच्या मंडळाच्या पेटीच्या झाकणावर आताच खडूनं लिहून ठेवलं.

मी पखवाज वाजवतो, आमच्याकडं त्याले मृदंगच म्हनतात. शिकलो गुरूजवळ नाई, मंडळात बसून. म्हनून मी सांगतो ते वाजवनाऱ्याच्या बाजूनं. पुस्तकाचं कोनी दुसरं सांगन.

लय म्हनजे एका थापेपासून दुसऱ्या थापेपर्यंत किती वेळ, अन् तो सारखा हाये का. बस. तिले सुरुवात नाई, शेवट नाई. तुम्ही पाठीवर हाताचा फवारणी पंप घेता ना? डाव्या हातानं दांडा खालीवर, उजव्या हातात नळी, पाय चालू. दांडा एका चालीनं चालला तं फवारा सारखा उडते. मधात हात ढिला पडला का नळीतून नुसते थेंब, अन् दोन झाडं कोरडे. तिथं कोनी मोजत नाई का हा सातवा दांडा हाये का आठवा. ते लय.

ताल म्हनजे मोजनी, अन् मोजून परत पहिल्यावर येनं. मात्रा म्हनजे मोजनीचा एकेक ठोका. त्रितालाच्या १६ मात्रा. पहिलीवर टाळी, पाचवीवर टाळी, नववीवर खाली म्हनजे हात नुसता उघडा, तेरावीवर टाळी, अन् सोळा झाल्या का पुन्हा पहिली. त्या पहिलीले सम म्हनते. दादऱ्याच्या ६, रूपकाच्या ७, केरव्याच्या ८, झपतालाच्या १०, एकतालाच्या १२. हळू वाजवा का धावत वाजवा, सोळाच्या सतरा होत नाई. म्हनून बाबा म्हनते ताल पयत नाई. (रूपकाची समच खालीवर येते, तिथं आमच्या टाळकऱ्याइचा दरवेळी भंडारा होते. ते सोडा.)

अन् ठेका म्हनजे त्या मात्रांवर कोनते बोल वाजवायचे ते ठरलेलं. दादऱ्याचा ठेका: धा धी ना, धा ती ना. केरव्याचा: धा गे ना ती, न क धी न. आता गाइडवाल्याले एक विचारा. एकताल १२ मात्रांचा, चौतालही १२ चाच. टाळ्या त्याच जागी, खाल्या त्याच जागी. एक तबल्याचा, एक पखवाजाचा, बोल अलग. दीपचंदी अन् झुमरा दोघंही १४ चे, भाग तीन-चार-तीन-चार, पन ठेका कानावर पडला का दारामागून सांगता येते कोनतं काय चालू हाये. मोजनी तेच अन् ठेका दुसरा. मंग ठेका अन् ताल एकच कसे होईन?

हे सारं मले मंदिरात समजलं, गेल्या कार्तिकात. काकडा असते पहाटे साडेचारले. मी घरून कनकेचा गोळा नेतो, मृदंगाच्या डाव्या पुडीले ओला करून लावा लागते, नाई तं ते घुमत नाई. (उरलेला गोळा दररोज एक कुत्रं खाऊन जाते, तेही आता काकड्याचं मेंबर झालं.) त्या दिवशी म्हातारे कमी अन् पोट्टे जास्त. मी भजनी ठेका धरला, आठ मात्रांचा, चांगला ठाय, म्हनजे हळू. दोन कडवे होत नाई तं पोट्टे पयाले. थंडीचे दिवस, हात गरम कराले टाळ हानतात. गानारा बुवा त्याइच्या मागं धावे, त्याचा दम पुरेना.

तरना होतो तवा मी अशा वक्ती जोरात वाजवत होतो, पोट्ट्याइले दाबाले. तेनं उलटंच होते. तुम्ही जोरात का ते अजून जोरात. त्या दिवशी मी बोलच काढून टाकले. भरनं सारं बंद. फक्त समेवर डावीवर एक थाप, घुम्म. मंग पुढच्या समेपर्यंत चूप. पोट्ट्याइले आपलेच टाळ ऐकू आले, उघडे पडले बिचारे. दोन आवर्तनं, म्हनजे समेपासून समेपर्यंतचे दोन फेरे, वाकडीतिकडी गेली. तिसऱ्याले समोरचं एक बारकं पोट्टं माह्या हाताकडं पाहाले लागलं. चवथ्याले सारे टाळ माह्या थापेवर येऊन पडले. मंग मी ठेका परत भरला.

आता पाहा. त्या चार आवर्तनांत ठेका नव्हता. ताल होता, मोजनी सुटली नव्हती. लय बिघडली होती, ते जाग्यावर आनली. तिन्ही शब्द एकच असते तं मी काढलं काय, ठेवलं काय अन् नीट केलं काय?

वावरवाला, दारव्हा

काकाजी, बाबांना सारं वाचून दाखवलं. कुत्र्यापाशी हसले. मग म्हणाले, “चवथ्या आवर्तनाले टाळ पडले? आमाले आठ लागत.” अन् थोड्या वेळानं, “एक थाप मारून चूप बसाले हिंमत लागते. लोकाइले वाटते बुढा विसरला.” त्या रात्री भाकर पूर्ण खाल्ली, बायकोनं मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

ठेक्याच्या वावराचं मात्र कोणी बोललं नाही अजून.

निवृत्त मराठीवाली, वर्धा

भाऊ, तुमच्या लेकीचं उत्तर चूक नाही, पण शेरा मारणाऱ्यावर सगळं ढकलू नका. नोकरीची सगळी वर्षं मीही फळ्यावर ‘ताल म्हणजे ठेका’ असं लिहिलं आहे. वर्गात पन्नास पोरं असली की शब्दांची जोडपी लावून द्यायची, पुढच्या धड्याला जायचं.

मृदंगवाले भाऊ सांगतात ते गाण्याच्या आतलं. गाण्याबाहेर आले की हे शब्द सैल होतात, पण पूर्ण सुटत नाहीत. मी पोरांना एक युक्ती सांगायची. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून मोठ्यानं वाचा, कान सांगेल. पत्र्यावर पाऊस ठेका धरतो. ताल धरतो म्हटलं तरी चालून जातं. लय धरतो म्हटलं की अडखळतं. निंदणाला बसलेल्या बायांची दहा वाजेपर्यंत ‘लय लागते’, मग जेवणाला उठवलं तर चिडतात. तिथे ‘ठेका लागतो’ कोणी म्हणेल का? सुनेला ‘तालावर नाचवतात’. तेच ‘ठेक्यावर नाचवतात’ म्हटलं तर ती वरातीत गेली. वाट्टेल ते बोलणाऱ्याला बेताल म्हणतो. बेलय आणि बेठेका हे शब्दच नाहीत. लयबद्ध आहे, तालबद्ध आहे, ठेकाबद्ध नाही. ‘तो आपल्याच तालात असतो’ यात गर्व आहे, ‘ती ठेक्यात बोलते’ यात ठसका आहे, आणि ‘तो आपल्या लयीत असतो’ यात दोन्ही नाही. आपला चाललेला असतो बिचारा.

जुन्यांनीही हे वेगळंच ठेवलं होतं. अमरकोशात ‘तालः कालक्रियामानम्’ असं आहे, म्हणजे काळ आणि क्रिया यांचं माप. आणि त्याच्या लगेच पुढे ‘लयः साम्यम्’, म्हणजे सारखेपणा. एका ओळीत शेजारी बसवले, पण अर्थ दोन दिले. कोशकार तर समानार्थी शब्दांचाच व्यापारी, त्यालाही ही दोन एकत्र बांधावीशी वाटली नाहीत. हे सोमवारी नक्की सांगा.

लय या शब्दाची एक गंमत माझी आवडती आहे. गाण्यातली लय मराठीत बाई आहे. ती लय वाढली, ती लय सांभाळली. पण ‘अहंकाराचा लय झाला’ म्हणताना तोच शब्द बाप्या होतो, आणि अर्थ होतो विरून जाणं. विलय, प्रलय त्याचेच भाऊ. मूळ धातू एकच, चिकटून जाणं, मिसळून जाणं. आणि ‘लय भारी’ मधला लय आणखी तिसरा, तो तर कुठल्याच लिंगात बसत नाही. आमच्याकडे त्याच्या जागी गंज आणि बम आहेतच म्हणा.

ताल हा तल या धातूकडून येतो असं संगीतरत्नाकरात म्हटलं आहे. १३व्या शतकात देवगिरीला, यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवानं तो ग्रंथ लिहिला. तल म्हणजे टेकून स्थिर उभं राहणं, तळ त्यातलाच. गाणं, वाजवणं, नाचणं ज्यावर उभं राहतं तो ताल, असं त्याचं म्हणणं. तळहातही त्यातलाच. टाळ आणि टाळीही याच घरच्या. आपल्या वऱ्हाडी तोंडात ळ चा य होतो, म्हणून म्हातारे ‘टाय’ आणि ‘टायी’ म्हणतात. मी नवीन नवीन असताना एका मुलाला ‘टाय कुटतात’ असं लिहिलं म्हणून उभं केलं होतं. मला वाटलं गळ्यातला टाय. तो रडवेला होऊन दोन्ही हातांनी टाळ वाजवल्यासारखं करायला लागला तेव्हा कळलं. आजही आठवलं की ओशाळायला होतं.

मात्र ताल दिसला की सगळीकडे गाणं ऐकू नका. तालीम, तालुका, तालेवार हे तिघेही अरबीतून आलेले पाहुणे. तालीम शिकवण्याकडून आली, तालेवार नशिबाकडून. दंडारीची तालीम तालुक्याच्या गावी एखाद्या तालेवाराच्या वाड्यात झाली, या वाक्यात एकही संगीताचा ताल नाही.

आता तुमचं पाच एकर. हिंदीत ठेकना म्हणजे टेकणे, आधार घेणे. ठेका म्हणजे टेका, आधार. बंडीचे बैल सोडले की धुरीखाली टेकू लावता ना, तोच. गाणारा ज्यावर भार टाकून मोकळा होतो तो ढोलकीचा ठेका. आणि ठरलेल्या रकमेवर काम किंवा जमीन एकाच्या अंगावर टाकून मालक मोकळा होतो तो तुमचा ठेका.  तेव्हा नातं असावं, पण खात्रीनं सांगत नाही.

एक शंका मात्र मृदंगवाल्या भाऊंना. समेवर एकच थाप मारली, तरी तो ठेकाच नाही का झाला? अगदी उपाशी ठेका म्हणा हवं तर.

संदल पार्टी, पुसद

मी बेंजो अन् संदलवाला, म्हनजे वरातीत वाजवनारा. आमच्या धंद्यात हे पुस्तकी कोनी बोलत नाई, पन एक गोष्ट ध्यानात आली हे वाचून. वरातीत नवरदेवाचे दोस्त येऊन कानात वरडतात, “भाऊ ठेका बदल!” आजवर कोनी “ताल बदल” म्हटलं नाई. अन् पयवायचं असलं का “लय वाढव” बी म्हनत नाई, “फास्ट कर” म्हनतात. म्हनजे पिऊन तर्र झालेल्या मानसालेही समजते का ठेका बदलनं अलग अन् फास्ट करनं अलग. गाइडवाल्याले एका वरातीत पाठवा.

अजून एक ठेका राहिला. “गाव सुधारायचा ठेका तूच घेतला काय बे?” हे माह्या बाप मले रोज म्हनते. बाईंच्या हिशोबानं हा वावराच्या ठेक्यातला ना?

अन् दुगन म्हनजे दुप्पट लय, ते खरं. पन आमचा ढोलवाला दुगन घ्याले गेला का दुगान्या झाडते, एवढंच सांगतो.

सिरोंचा काठ

माझं गाव सिरोंच्याकडचं, प्राणहिता ओलांडली की तेलंगण. आमच्या आळीत मराठी अन् तेलुगू एकाच ओट्यावर बसते. शेजारची पोरगी कर्नाटक पद्धतीचं गाणं शिकते. सकाळी तिचा रियाज चालू असताना मी दात घासत उभा असतो, म्हणून हे माहीत.

ती मांडीवर हात आपटते, मग करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. हे चार झाले. मग थाप अन् हात उलटा, पुन्हा थाप अन् हात उलटा. हे चार. असा आठाचा आदिताल. तिची आई तेच करते, पाहुणी आली तर तीही करते. म्हणजे ताल मांडीवर असतो, उघड्यावर.

अन् मृदंगमवाला? तो आपल्यासारखा ठेका वाजवत बसत नाही. ठरलेले बोल परत परत, असं त्यांच्यात नसतेच. तो गाण्याच्या ओळीच्या अंगानं वाजवतो, प्रत्येक ओळीला वेगळं. आधी मला वाटलं हा मनानं काहीही वाजवतो. मग पाहिलं की पोरीची बोटं अन् याची थाप बरोबर एका जागी येतात.

तर वावरवाले भाऊ, मास्तरांना विचारा. एवढ्या मोठ्या दक्षिणेत ताल आहे अन् ठेका नाही. समानार्थी असते तर एक गेल्यावर दुसरा कसा राहिला?

कणीकवाला मृदंगी, आर्णी

सिरोंचावाल्या भाऊनं माह्या मनातलं बोललं. आमच्याकडं ताल सांभाळाचं काम मृदंगावर टाकलं हाये, म्हनून आपल्याले दोन्ही एकच वाटते. तुकडोजी महाराजांची खंजिरी घ्या. गानारं तोंड अन् खंजिरीवरचा हात एकाच मानसाचा. तिथं कोन कोनाले सांभाळते हे सांगताच येत नाई. आजही गावोगावी खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, तिथं नवीन पोट्टं गाताना शब्द विसरलं का हातही थांबते. मुरलेला शब्द विसरला तरी हात चालू ठेवते अन् पुढच्या समेवर काही तरी शब्द पकडून येते. परीक्षकाले कयतही नाई.

बाई, तुमच्या शंकेचं. उपाशी ठेका, हे नाव पसंत हाये. पन मी त्याले ठेका म्हननार नाई. ठेक्यावर गानाऱ्याले टेकता आलं पाहिजे, हे तुम्हीच सांगतलं. त्या चार आवर्तनांत कोनाले टेकता येत नव्हतं, सारे आपापल्या पायावर उभे होते, तेच तं पाहिजे होतं मले. तुम्ही कोशातून सांगा, मी कनकेतून सांगतो. इथं आपलं जमत नाई, राहू द्या.

आवर्तन म्हटलं तवा आठवलं. अरुणावतीच्या कालव्यावर माह्या साळ्याचं वावर हाये. तिकडं हरभऱ्याले पानी सुटलं का कागदावर ‘आवर्तन’ लिहितात, बोलताना पानीपाळी म्हनतात. तो मले विचारते, “भाऊजी, तुमचं आवर्तन किती वेळाचं?” म्या म्हटलं, सोळा मात्राचं. तो म्हने, आमचं पंधरा दिवसाचं अन् समेवर कधीच येत नाई.

अन् मात्रा. बाळाले उगाळून चाटवतात ते मात्रा, क च्या डोक्यावर देतात ते मात्रा, आमची मोजायची ते मात्रा. अन् आमच्या बुवापुढं कोनाची मात्रा चालत नाई ते चवथी.

निवृत्त मराठीवाली, वर्धा

कणकेपुढे माझी मात्रा चालत नाही. सोडला मुद्दा.

संदलवाले दादा, हो, गाव सुधारायचा ठेका हा वावराच्या ठेक्यातलाच. वडिलांना सांगा, टेकू द्यायचं काम आहे, वाईट नाही.

वावरवाला, दारव्हा

सोमवारी जाऊन आलो. उशिरानं लिहितो कारण मधात दोन दिवस उघाड होती, डवरे काढले होते.

मास्तर माणूस वाईट नाही. मधल्या सुटीत बाकावर बसवलं, चहा सांगितला. मी तुमचं सारं एका कागदावर लिहून नेलं होतं. अमरकोशाची ओळ वाचली तेव्हा त्यांनी कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचली. वरातीचा किस्सा ऐकून हसले. मग म्हणाले, “सगळं मान्य. आता मला सांगा, ‘ताल’ला समानार्थी शब्द कोणता?” मी गप्प. खरंच सांगता येईना. मार्क काही मिळाला नाही. पुढच्या वेळी तो शब्द पेपरात देणार नाही, एवढं म्हणाले.

घरी येऊन सांगितलं. बाबा ओसरीत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग पोरीला म्हणाले, “पेपरात ठेका लिहत जाय. लय लिहू नोको. ठेक्याचं थोडं तरी चालते.” म्हणजे आमच्या घरापुरती तडजोड झाली.

पोरगी मात्र आता सोडत नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे बैलांपुढं म्हणतात त्या तुकबंद्या, ऐकल्या होत्या, त्यावरून विचारते, “आबा, झडतीले ताल असते का?” बाबा म्हणाले, “नाई.” “मंग ठेका?” “नाई.” “मंग सारे एकाच वक्ती हर हर महादेव कसे म्हनतात?” बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी बैलांकडं. शेवटी म्हणाले, “म्हननारा शेवटच्या शब्दाले लय ओढते, सारे तेथून समजतात.” अन् मग स्वतःशीच, “हे कोनी इचारलं नव्हतं मले.”

काल रात्री जेवताना तिनं ताटाच्या काठावर बोटं लावली, आज्यासारखी. धा धी ना, धा ती ना. वरणात बोटं बुडून रायली, पण चालू. बायकोनं ओरडायला तोंड उघडलं तर बाबांनी डावा हात वर केला, दुखता. घास तसाच ठेवून ऐकत होते. पाच-सहा आवर्तनं गेली असतील.

“पयाली,” ते म्हणाले. “पयाली पाह्य. पुन्हा.”